वेटिंगवरचा कावड्या

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसे एका खोलीत काही वर्षे वाट बघत बसली, की ते आपोआप साचत जातात. मग एखाद्या दिवशी लक्षात येते की आपल्याकडे सांगण्यासारखे दुसरे फारसे काही उरलेले नाही.

तरीही पाहिलेले काय आणि ऐकलेले काय, हे आधी स्पष्ट करतो. यातले बहुतेक प्रसंग माझ्यासमोर घडले. शेवटचा मात्र मी पाहिलेला नाही. तो मला धनाजीने गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, उंब्रजला त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, माझ्या फोनची काच बदलता बदलता सांगितला. त्यात बोलणारी माणसे तीन होती आणि धनाजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता, त्यामुळे शब्द थोडेफार इकडेतिकडे झाले असतील, एवढे मी गृहीत धरले आहे. लिहिण्यापूर्वी संपतची परवानगी घेतली. त्याने एकच अट घातली. "लिव्ह की मास्तर. फकस्त आण्णास्नी कुनी वाचून दावायचं न्हाई."

नावे सगळ्यांचीच बदललेली आहेत.

* * *

आमचे मंडळ म्हणजे साताऱ्यातली स्पर्धा परीक्षांची एक अभ्यासिका. खाली झेरॉक्सचे दुकान, वर पत्र्याची लांबट खोली, प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे. अभ्यासिकेचे मालक सुभेदारकाका खंडाळ्याचे. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. वैशालीताई सांगलीच्या, वयाने आणि प्रयत्नांच्या संख्येने आमच्यात ज्येष्ठ. संपत आणि धनाजी दोघे उंब्रजचे, एकाच आळीतले. धनाजीने पुढे परीक्षा सोडून दुकान टाकले, पण बैठकीला येणे सोडले नाही. मी वाईचा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयात शिकवतो, आणि उरलेला वेळ इतरांप्रमाणेच तिथे बसतो. म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याची मोजणी मी केलेली नाही.

दुपारच्या जेवणानंतर अभ्यास होत नाही, हे सर्वांना मान्य होते. त्या वेळात आम्ही मोबाईलवर एक खेळ खेळायचो. पाच जणांची टोळी करायची, चौघे लढाईत उतरतात आणि पाचवा बाहेर राखीव बसतो. निवडायला योद्धे, तिरंदाज, मांत्रिक आणि त्यांचे सोबती अशी मोठी फौज असते. दर दोन-तीन महिन्यांनी नवे पात्र येते आणि जुन्यांची ताकद कमीजास्त होते. मग कुणाला टोळीत घ्यावे यासाठी जगभरचे लोक क्रमवाऱ्या लावतात. इंटरनेटवर त्या ढिगाने मिळतात.

आम्हाला त्या पटत नसत. कारण त्यांत निवडीची प्रक्रियाच नव्हती.

* * *

प्रक्रिया वैशालीताईंनी आणली. इतरांच्या याद्यांत इंग्रजी अक्षरे असतात. आमच्या यादीत वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन आणि वर्ग चार. वर्ग एक व दोन राजपत्रित. प्रत्येक नव्या पात्राची आधी चाळणी, मग मुख्य परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष लढाया, मग मुलाखत. मुलाखतीत पात्र बोलू शकत नसल्यामुळे ज्याच्याकडे ते असेल त्याने त्याच्या वतीने उत्तरे द्यायची. त्यानंतर तात्पुरती यादी, हरकती मागवण्यासाठी मुदत, आणि शेवटी अंतिम यादी.

त्यावेळी खेळात एक आगीच्या तलवारीचा राजपुत्र नवीनच आला होता. जगातल्या प्रत्येक यादीत तो पहिला. आमच्याकडेही चाळणीत पहिला, मुख्य परीक्षेत पहिला. मुलाखत संपली आणि वैशालीताईंनी कागदपत्र पडताळणी काढली. त्याच्या माहितीच्या पानावर लिहिलेले होते की हा राजपुत्र राज्यातून हद्दपार झालेला असून देशोदेशी भटकतो.

"म्हणजे याच्याकडे अधिवास प्रमाणपत्र नाही," वैशालीताई म्हणाल्या.

संपतने सांगून पाहिले की ताई, हा एका वारात चौघांना झोपवतो. ताईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना स्वतःला एकदा एका दाखल्यावरून पडताळणीत बाहेर काढले होते. ती हकिकत आम्हा सर्वांना माहीत असल्यामुळे कुणी पुढे बोलले नाही. राजपुत्र अपात्र ठरला.

त्या आठवड्यात सांगलीच्या एका टोळीने आम्हाला प्रत्येक लढाईत हरवले. प्रत्येक वेळी समोरून तोच राजपुत्र येई. शेवटच्या पराभवानंतर ताईंनी फोन पालथा ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तिकडं पडताळणीच करत नसतील."

* * *

सुभेदारकाका खेळत नसत. पण यादीवर त्यांची सही असल्याशिवाय ती अंतिम होत नसे, कारण खोली त्यांची होती. सैन्यात त्यांनी हाताखालच्या माणसांचे वार्षिक अहवाल बरीच वर्षे पाहिले होते, आणि त्याच नजरेने ते आमच्या पात्रांकडे बघत.

खेळात एक लांडगा सोबती आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की आपली पाळी नसतानाही तो मधूनच झेप घेतो. आम्ही त्याला वर्ग दोन दिला होता. काकांनी त्याची एक लढाई पाहिली आणि विचारले, "याला हुकूम कुणी दिला?"

मी सांगितले की त्याला हुकूम लागत नाही, तीच त्याची खुबी आहे.

"खुबी नाही ती. आज न विचारता पुढं जातो, उद्या न विचारता मागं येईल. वर्ग चार."

उलट एक खेचर आहे. ते लढत नाही, फक्त सामान वाहते. त्याच्यामुळे टोळीला थोडी जास्त औषधे बाळगता येतात, इतकेच. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. इतर पात्रे लढाई संपल्यावर धापा टाकतात, गुडघ्यावर बसतात. खेचर नुसते उभे असते.

"हे बसत नाही का?"

"नाही काका."

"वर्ग एक," म्हणून त्यांनी सही केली. मी आकडेवारी पुढे केली. ती त्यांनी वाचली, नीट घडी घालून मला परत दिली आणि जिना उतरून गेले. ते खेचर आजही आमच्या यादीत राजपत्रित आहे.

* * *

आता कावड्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते.

खेळातले त्याचे मूळ नाव कुणालाच धड उच्चारता येत नाही. खांद्यावर काठी, दोन्ही टोकांना पाण्याचे हंडे, म्हणून आम्ही त्याला कावड्या म्हणतो. तो फक्त राखीव जागेवरच उपयोगी पडतो. बाहेर बसलेला असताना त्याचे हंडे हळूहळू भरत जातात. आतल्या चौघांपैकी कुणी पडले की तो त्याच्या जागी उतरतो आणि भरलेल्या हंड्यांनी उरलेल्या सर्वांना ताजेतवाने करतो. ऐकायला उत्तम. अडचण अशी की टोळी बळकट असेल तर कुणी पडतच नाही, आणि टोळी दुबळी असेल तर चौघे इतक्या लवकर पडतात की हंडे भरायला वेळच मिळत नाही. मी पुरेशा लढायांची नोंद ठेवली, वेगवेगळ्या टोळ्यांत त्याला बसवून पाहिले, आणि निष्कर्ष दर वेळी तोच आला. वर्ग चार.

संपत दर वेळी हरकत घ्यायचा.

"मास्तर, तुज्या गणितात त्यो बाहीर बसल्याला धरलायस का?"

मी म्हणायचो की बाहेर बसून त्याने काही केलेलेच नाही, तर धरणार काय.

"हंडं भरत्यात न्हवं? त्ये काम न्हाई व्हय?"

संपतची हरकत का असते, हे खोलीत सर्वांना ठाऊक होते. कर सहायक पदाच्या निकालात तो प्रतीक्षा यादीवर पहिला होता. वरच्यांपैकी एकाने जरी पद नाकारले, तरी त्याची शिफारस होणार होती. कुणी नाकारले नाही, तर प्रतीक्षा यादीची मुदत संपताच यादी रद्द होणार होती आणि तो उंब्रजला परत जाणार होता. तसा शब्द त्याने वडिलांना, म्हणजे आण्णांना, दिला होता. घरी ऊस होता, ट्रॅक्टर होता, खायची ददात नव्हती. त्यामुळे कुणाला त्याच्याबद्दल फार वाईटही वाटत नसे, आणि तेच त्याला जास्त लागायचे. "उपाशी आस्तो तर लोकांनी इचारलं तरी आस्तं," असे तो एकदा म्हणाला होता.

वरच्यांपैकी एक मुलगी इस्लामपूरची होती. तिचे नाव वैशालीताईंना राज्य कर निरीक्षक पदाच्या तात्पुरत्या यादीतही सापडले. ते पद वरचे. साहजिकच ती तिकडे जाणार आणि कर सहायकाचे पद सोडणार. पण निरीक्षकांची यादी तात्पुरतीच होती. अंतिम व्हायचे नाव घेत नव्हती. तोवर तिने हातातले पद धरून ठेवले होते, आणि आमच्यापैकी कुणीही तिच्या जागी असता तर हेच केले असते.

अशा वेळी वेटिंगवरची मुले वरच्यांना फोन करतात. ताई, तुम्ही जॉइन होणार आहात का? नसाल तर लेखी कळवता का? यात चोरून करण्यासारखे काही नाही. धनाजीने तिचा नंबरही मिळवला होता. संपतने तो घेतला नाही. "तिनं आभ्यास करून मिळिवलंय. मी कोन सोड म्हननारा?" एवढेच बोलला आणि आपल्या कप्प्यात जाऊन बसला.

त्या दिवशी मी कावड्याच्या वर्गाचा विषय बैठकीत काढला नाही.

* * *

मधेच एक विचित्र प्रकार घडला. आमची अंतिम यादी वैशालीताई नेहमी व्यवस्थित टाइप करून, वर 'अंतिम निवड यादी' असे ठळक शीर्षक देऊन आमच्या ग्रुपवर टाकत. पदांची नावे तिरंदाज, ढालकरी, मांत्रिक, कावड्या. खाली 'संपर्क' म्हणून त्यांचा नंबर. ती यादी कुणीतरी पुढे पाठवली, त्याने आणखी पुढे, आणि सांगली भागातल्या भरतीच्या ग्रुपांवर ती खरी म्हणून फिरू लागली.

दोन दिवस ताईंचा फोन वाजत होता. एकाला तिरंदाज पदाची शारीरिक चाचणी कुठे होणार हे हवे होते. एकजण विचारत होता की ढालकरी हे पोलीस खात्यात येते की वनखात्यात. मांत्रिक पदासाठी पदवी कोणत्या शाखेची हवी, असेही एकाने विचारले. ताई प्रत्येकाला समजावून सांगत की हा मोबाईलमधला खेळ आहे. बरेच जण रागावत. काही जण हसत, आणि हसून झाल्यावरही फोन ठेवत नसत. तुमचे कितवे वर्ष, कोणती अभ्यासिका, निकाल कधी लागेल असे वाटते, अशी विचारपूस चालू राही.

शेवटचा फोन तासगावच्या बाजूचा होता. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. आवाज पोक्त माणसाचा वाटला.

"म्याडम, ह्यात वयाची अट किती?"

"अहो, हे खरं पद नाही. खेळ आहे. वयाची अट वगैरे काही नाही."



"अट न्हाई म्हनता न्हवं? मग खेळ आसला तरी चालंल. अर्ज कुठं भरायचा?"

ताईंनी त्यांना खेळाचे नाव सांगितले, तो फोनवर कसा घ्यायचा तेही सांगितले. नंतर फोन ठेवून बराच वेळ खिडकीतून स्टँडकडे जाणाऱ्या गाड्या बघत बसल्या. पुढच्या यादीपासून त्यांनी शीर्षक बदलले आणि नंबर काढून टाकला.

* * *

आण्णा अभ्यासिकेत पहिल्यांदा आले ते दुपारीच. काही कामासाठी साताऱ्याला आले होते, गाठ घ्यावी म्हणून जिना चढून वर आले. पांढरा सदरा, टोपी, पायांतल्या चपला दाराबाहेर व्यवस्थित काढलेल्या. आम्ही सर्व जण एका फोनवर वाकून मुलाखत घेत होतो. संपत कावड्याच्या वतीने उत्तरे देत होता.

आम्ही गडबडीने पुस्तके ओढली. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. काय चाललंया त्ये बगू द्या मलाबी."

संपतची मान वर येईना. मग वैशालीताईंनीच त्यांना खुर्ची दिली आणि सगळे समजावले. खेळ काय, वर्ग काय, कावड्या कोण. आण्णा मन लावून ऐकत होते. ऊसतोडीच्या टोळ्या त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या, त्यामुळे टोळी कशी बांधतात हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांना एकच गोष्ट कळेना.

"ह्यो बाहीरच बसून ऱ्हातो?"

"हो. आतलं कुणी पडलं की याचा नंबर."

"म्हंजे दुसरं कोन पडतंय ह्याची वाट बगत बसायचं."

  संपत फोनकडे बघत राहिला. त्याच्या फोनवर त्या वेळी लढाई चालू होती, आणि कावड्याचे हंडे भरून काठोकाठ झाले होते.

आण्णांनी त्याच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. "पानी भरल्याला मानूस लय येळ तसा उबा न्हाई ऱ्हाऊ शकत," असे काहीसे म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी मला जिन्यात विचारले की ह्याची मुदत कधी संपते. मी महिना सांगितला. त्यांनी मान हलवली. मला त्या वेळी वाटले की ते संपतला घरी न्यायच्या तयारीला लागणार आहेत, आणि ते मी बैठकीत बोलूनही दाखवले. माझा अंदाज चुकीचा होता.

* * *

आता धनाजीने सांगितलेला किस्सा.

मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना, एका रविवारी सकाळी आण्णा त्याच्या दारात उभे राहिले. "धना, गाडी काड. इस्लामपूरला जायाचं हाय." कशाला, ते वाटेत कासेगावपर्यंत सांगितले नाही. सांगितले तेव्हा धनाजीने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, आण्णा, संपाला कळलं तर तो तुमच्याशी बोलायचा नाही. आण्णा म्हणाले, "म्हनून तर तुला घिऊन आलोय, त्याला न्हाई."

मुलीची माहिती आण्णांना संपतच्याच बोलण्यातून होती, आणि घर शोधावे लागले नाही. चौकात त्या मुलीच्या, म्हणजे ऋतुजाच्या, अभिनंदनाचा फ्लेक्स होता. त्यावर दोन्ही पदे लिहिलेली होती. खालच्या पानटपरीवाल्याने घर दाखवले.

पुढचा घोटाळा होणारच होता. रविवारची सकाळ, लग्नाच्या वयाची आणि नुकतीच नोकरी लागलेली मुलगी, आणि दारात पांढऱ्या सदऱ्यातला एक प्रतिष्ठित शेतकरी, बरोबर एक मध्यस्थासारखा दिसणारा तरुण. घरच्यांनी त्यांना आग्रहाने आत घेतले. पंखा लावला, पाणी दिले, आतून फोडणीचा वास आला. शेती किती, पाण्याची सोय कशी, अशी चौकशी झाली. आण्णा सरळ मनाने उत्तरे देत गेले. धनाजीच्या ध्यानात आले होते, पण मधे बोलायला फट मिळत नव्हती. पोहे आले आणि पोह्यांच्या मागून ऋतुजा. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की या महिन्यातला हा पहिला प्रसंग नाही.

तिच्या वडिलांनी विचारले, "मुलगा काय करतो?"

"वेटिंगला हाय जी."

"कशाच्या?"

"तुमच्या लेकीच्याच मागं. पयला नंबर."

धनाजी म्हणतो, पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो हे त्याला तेव्हा कळले. ऋतुजाला मात्र एका क्षणात उलगडा झाला. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कर सहायक?"

"व्हय."

मग आण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मागायचे कसे, ते त्यांनी येताना वाटेत ठरवले होते की तिथेच सुचले, हे धनाजीला सांगता येत नाही. त्यांनी संपतबद्दल एक शब्दही काढला नाही. ते कावड्याबद्दल बोलले. आमच्या पोराच्या मोबाईलमधी एक गडी हाय, म्हणाले. त्याला आत घेत न्हाईत. आतलं कोन पडलं तरच त्याची पाळी. "मी इचार केला बाई, पडायला कशाला पायजे कुनी? येष्टीत आपन जरा सरकून बसतो, मानूस मावतो. मंग तसं काय व्हतंय का, एवडं बगाय आलो."

ऋतुजाने विचारले, "तो गडी कितव्या वर्गात आहे?"

"चार. एका मास्तरानं गनित करून ठरिवलंय."

"गणित बरोबर असेल," ती म्हणाली.

मग तिने तिची बाजू सांगितली. निरीक्षकांची यादी अजून अंतिम नाही. ती लागेल असे सगळे म्हणतात, पण तिच्या आधीच्या वर्षी अशीच एक यादी बदलली होती आणि हातातले पद आधीच सोडलेली तिची मैत्रीण दोन्हीकडून गेली. "काका, मी सरकून बसले आणि पुढची जागा मिळालीच नाही, तर मी कुठं बसायचं?"

 आण्णांनी ते लगेच मान्य केले. "त्ये खरं हाय," म्हणाले. "मंग न्हाई. तुमी बसा हाय तिथंच." बशी उचलून उरलेले पोहे संपवले, पोहे चांगले झाल्याचे तिच्या आईला सांगितले, आणि उठले. तिच्या वडिलांनी अजून थांबायचा आग्रह केला. चहा व्हायचा होता. आण्णा म्हणाले, लांब जायाचं हाय.

ऋतुजा दारापर्यंत आली. आण्णा वाकून चपला घालत होते.

"काका, तुम्ही इथं आलाय हे तुमच्या मुलाला माहीत आहे का?"

"न्हाई. आन् तुमीबी सांगू नका." सरळ उभे राहायला त्यांनी धनाजीच्या खांद्याला धरले. "लागला तर, त्याला वाटू द्या त्याचा नंबर लागला."

परत येताना आण्णांनी धनाजीला शपथ घातली. धनाजीने ती संध्याकाळपर्यंतसुद्धा पाळली नाही. त्याच दिवशी संपतला फोन करून सगळे सांगितले, पोह्यांसकट.  संपतने शेवटी एवढेच विचारले, "बशी रिकामी केली म्हनतोस?"

त्यानंतर काही दिवसांत संपतची शिफारस झाली. पत्र घेऊन तो उंब्रजला गेला तेव्हा धनाजी तिथेच होता. आण्णा अंगणात ट्रॅक्टरचे चाक पुसत होते. संपतने पाया पडून सांगितले, "आण्णा, माजा नंबर लागला."

आण्णांनी हातातले फडके झटकले. "लागनारच व्हता. मला म्हाईत व्हतं."

"तुमाला कसं म्हाईत?"

"आरं, वाटलं आपलं."

धनाजी म्हणतो की तिघांपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हते.

मला एका गोष्टीची खात्री करून घेता आली नाही. ऋतुजाचे निरीक्षकपदही पक्के झाले. ती यादी त्याच आठवड्यात अंतिम झाली. त्यामुळे तिने कर सहायकाचे पद नको असे कळवले ते यादी लागल्यानंतर, म्हणजे कुणीही कळवले असते तसे, की यादी लागण्याच्या आधी, हे मला शोधायचे होते. वैशालीताईंनी जाहीर झालेले कागद तपासले, मीही तपासले. त्यात तारीख नाही. संपतला विचारले, तर तो म्हणाला की तिला विचारण्याचा हक्क त्याला नाही. आण्णांना विचारता येत नाही. धनाजीला विचारले तेव्हा त्याने माझ्या फोनची नवी काच फुंकून पुसली आणि म्हणाला, "मास्तर, तुला काय वाटतंय?"

मला जे वाटते त्याला पुरावा नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही.